पुस्तिकेत छापलेला कोणता विषय खरोखर शिकवला जाणार आहे?

कोकण किनाऱ्यावरील व्यवस्थापन महाविद्यालयांचे संचालक आणि विद्यापीठाच्या व्यवस्थापन अभ्यासमंडळाचे सदस्य यांना खुले पत्र

सन्माननीय महोदय, महोदया,

सप्रेम नमस्कार. मी वेंगुर्ला तालुक्यात राहते. सासरचा काजू प्रक्रियेचा लहानसा कारखाना आहे आणि त्याचे हिशेब, खरेदी व बँकेचे व्यवहार मी गेली बारा-तेरा वर्षे पाहते आहे. त्याआधी याच किनाऱ्यावरच्या एका महाविद्यालयातून मी व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदवी घेतली. आज हे पत्र लिहिण्याचे कारण माझी पुतणी आहे. ती यंदा बी.कॉम. झाली, तिने राज्य सीईटी कक्षाची एमबीए-एमएमएसची प्रवेश परीक्षा दिली, गुण बरे मिळाले, आणि आता केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत महाविद्यालयांचा पसंतीक्रम भरायची वेळ आली आहे.

गेल्या आठवड्यात ती तीन महाविद्यालयांच्या माहितीपुस्तिका घेऊन कारखान्याच्या पडवीत येऊन बसली. ग्रेडिंगच्या टेबलावरची, डब्यांवर नंबर घालायची पेन्सिल तिने उचलली आणि प्रत्येक पुस्तिकेतल्या वैकल्पिक विषयांच्या पानावर बारीक खुणा करू लागली. एका पुस्तिकेत वित्त, विपणन, मनुष्यबळ आणि उत्पादन व्यवस्थापन अशा चार स्पेशलायझेशनखाली मिळून चोवीस विषय होते. अर्धे पान खुणांनी भरल्यावर ती थांबली आणि म्हणाली, “काकू, ह्यातला खरा काय काय शिकवतले?” मला तिला उत्तर देता आले नाही. पुस्तिकेच्या मागच्या पानावरच्या क्रमांकावर आम्ही फोन केला, तेव्हा पलीकडून सांगण्यात आले की, ते दुसऱ्या वर्षी मुलांची संख्या पाहून ठरते. तिचा तो प्रश्न मी आपल्यापुढे ठेवत आहे, कारण त्याचे उत्तर देण्याचा अधिकार आणि साधने केवळ आपल्याकडे आहेत.

माझी मागणी एकच आहे आणि ती आधीच स्पष्ट सांगते. पसंतीक्रम भरण्याची मुदत सुरू होण्यापूर्वी प्रत्येक महाविद्यालयाने आपली दोन वर्षांची, चारही सत्रांची खरी योजना जाहीर करावी: गेल्या तीन वर्षांत कोणते वैकल्पिक विषय प्रत्यक्षात चालले, येत्या दोन वर्षांत कोणते चालवण्याची हमी आहे, ते कोणत्या सत्रात येतील, ते शिकवणारे अध्यापक पूर्णवेळ आहेत की बाहेरून येतात, आणि त्या विषयाला बसण्यापूर्वी पहिल्या वर्षातला कोणता विषय पक्का असावा लागतो. मंजूर जागा, शुल्क आणि अध्यापकांची यादी आपण अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या नियमानुसार संकेतस्थळावर देताच. त्याच माहितीशेजारी आणखी एक पान जोडायचे आहे. पसंतीक्रमाच्या अर्जात विद्यार्थ्याला महाविद्यालयाचे नाव आणि सांकेतिक क्रमांक दिसतो, परंतु तिथे गेल्यावर आपण काय शिकणार हे दिसत नाही, आणि दोन वर्षे व लाखांतले शुल्क ज्यावर लावायचे त्याविषयीची ही माहिती सर्वांत आधी मिळायला हवी.

माझा स्वतःचा अनुभव सांगते, कारण ही मागणी तिथूनच आली आहे. मी वित्त हे स्पेशलायझेशन घेतले ते विचार करून घेतले होते. त्या वेळी लग्न ठरलेले नव्हते, काजूशी माझा संबंध नव्हता. परंतु माझे वडील आंब्याचे बागायतदार असल्यामुळे माल निघतो एका महिन्यात आणि पैसा लागतो बारा महिने, ही गोष्ट मी घरात लहानपणापासून पाहत आले होते. चौथ्या सत्रासाठी छापलेल्या यादीत आंतरराष्ट्रीय वित्त हा विषय होता आणि तो घ्यायचा असे मी प्रवेशाच्या दिवशीच मनाशी ठरवले होते. त्यासाठी पहिल्या वर्षी अर्थशास्त्र आणि वित्तीय व्यवस्थापन या दोन विषयांवर मी इतरांपेक्षा अधिक वेळ घातला. चौथे सत्र सुरू झाले त्या आठवड्यात सूचनाफलकावर कागद लागला की, या विषयाला नऊ नावे आली आहेत, किमान पंधरा हवीत, सबब संबंधितांनी दोन दिवसांत दुसरा विषय निवडावा. आम्ही नऊ जण कार्यालयात गेलो. तिथे आमचे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले गेले, कोणी उद्धटपणे बोलले नाही, पण निर्णय बदलला नाही. ज्या विषयाला जागा शिल्लक होती तो मी घेतला आणि उत्तीर्ण झाले. त्या विषयातले मला आज काहीही आठवत नाही.

याची किंमत मला २०१८ साली कळली. त्या वर्षी स्थानिक काजू बी पुरेशी मिळाली नाही म्हणून आम्ही पहिल्यांदाच एका व्यापाऱ्यामार्फत आफ्रिकेतून आलेल्या बीचा एक कंटेनर न्हावा शेवा बंदरातून घेतला. सौदा जूनच्या पहिल्या आठवड्यात झाला तेव्हा डॉलर ६७ रुपयांच्या आसपास होता. पैसे नव्वद दिवसांनी द्यायचे होते आणि ते डॉलरच्या त्या दिवसाच्या दराने द्यायचे होते. सप्टेंबरमध्ये पैसे भरायला गेलो तेव्हा डॉलर ७२ च्या घरात पोहोचला होता. २५ हजार डॉलरच्या त्या बिलावर आम्ही सुमारे सव्वा लाख रुपये अधिक भरले, आणि त्या हंगामात त्या मालावर आमचा नफा तेवढाही नव्हता. बँकेच्या व्यवस्थापकांनी नंतर समजावून सांगितले की, सौदा झाला त्याच दिवशी बँकेकडे पुढच्या तारखेचा दर बांधून घेता आला असता, त्याला थोडा खर्च आला असता, पण रात्रीची झोप गेली नसती. फॉरवर्ड करार म्हणजे काय, हे त्या न चाललेल्या विषयाच्या अभ्यासक्रमात दुसऱ्याच प्रकरणात होते. तो अभ्यासक्रम माझ्याकडे अजूनही आहे.

एका विषयामुळे माझे आयुष्य बिघडले असे मी म्हणत नाही. शिकलेल्या विषयांचा मला रोज उपयोग होतो. काजूचा हंगाम मार्च ते मे. त्या तीन महिन्यांत वर्षभराची बी घेऊन ठेवायची, आणि गर विकायचा तो गणपती, दसरा, दिवाळीच्या सुमारास. मधल्या काळात सगळा पैसा गोदामात पोत्यांच्या रूपाने पडून असतो. बँकेच्या कॅश क्रेडिट खात्यावर, म्हणजे मालाच्या तारणावर उचल देणाऱ्या कर्जखात्यावर, दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट, म्हणजे शिल्लक मालाचा तपशील, द्यावे लागते. ४० लाखांची बी आणि गर शिल्लक असेल आणि मार्जिन, म्हणजे मालाच्या किमतीतला आपण स्वतः घालायचा वाटा, २५ टक्के असेल तर ३० लाखांपर्यंत उचल मिळते, आणि त्यातूनही उधारीवर घेतलेला माल वजा होतो. माल विकला जाऊ लागला की ही उचलीची मर्यादाही खाली येते, आणि विक्रीची उधारी वसूल व्हायच्या आधीच ती खाली आली की हात आखडतो. हे सगळे खेळत्या भांडवलाच्या प्रकरणात मला शिकवले गेले होते, ते शिकवणाऱ्या सरांची मी आजही ऋणी आहे. शिकवलेला विषय असा हाताशी येतो म्हणूनच न शिकवलेल्या विषयाची उणीव इतकी जाणवते.

आता आपल्या अडचणीकडे येते, कारण ती खरी आहे आणि ती मी हिशेबाने समजून घेतली आहे. साठ विद्यार्थ्यांची तुकडी धरू. तिसऱ्या सत्रात प्रत्येकाने चार वैकल्पिक विषय घ्यायचे तर एकूण नोंदण्या २४० होतात. यादीत २४ विषय असतील तर प्रत्येक विषयाला सरासरी दहाच विद्यार्थी येतात. किमान पंधराची अट पाळायची म्हटली तर कितीही जुळवाजुळव केली तरी सोळांहून अधिक विषय चालू शकत नाहीत, आणि प्रत्यक्षात वित्त व विपणन या दोनच शाखांकडे बहुतेक विद्यार्थी जात असल्यामुळे नोंदण्या मोजक्या विषयांवर साचतात व दहा विषय चालणेही कठीण होते. उत्पादन व्यवस्थापन घेणारे तीन-चारच असतात, त्यांना तर मनाविरुद्ध दुसऱ्या शाखेत बसवले जाते. जो हिशेब मी पडवीत बसून पाच मिनिटांत करू शकते तो आपल्याला माहीत नसेल असे मी मानत नाही. म्हणूनच माझे म्हणणे असे की, चोवीस विषय छापू नयेत. दहा छापावेत आणि दहाही शिकवावेत. लहान महाविद्यालयाची लहान यादी पाहून कोणी विद्यार्थी दुसरीकडे जाईल ही भीती मला समजते, परंतु जो विद्यार्थी खोट्या यादीमुळे येतो तो दोन वर्षांनी आपल्या धाकट्या भावंडांना काय सांगतो, याचाही विचार व्हावा.

विषय कोणत्या क्रमाने घ्यायचे याची चर्चा तर होतच नाही, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. पहिल्या वर्षी सर्वांना सारखे विषय असतात: लेखाकर्म, संख्याशास्त्र, अर्थशास्त्र, संघटनात्मक वर्तन, विपणन, परिव्यय लेखा, वित्तीय व्यवस्थापन, उत्पादन व्यवस्थापन, संशोधन पद्धती. विद्यार्थी ते एकेक करून पार पाडतात, आणि स्पेशलायझेशनचा विचार दुसऱ्या सत्राची परीक्षा झाल्यावर, बहुधा वरच्या वर्गातल्या कोणाला कुठे नोकरी लागली ते पाहून, करतात. वास्तविक योजना शेवटाकडून मागे आखायला हवी. शिक्षण संपल्यावर काय काम करायचे आहे ते आधी, मग त्या कामासाठी चौथ्या सत्रात काय लागेल, ते कळायला तिसऱ्या सत्रात काय व्हायला हवे, आणि त्या सर्वांचा पाया पहिल्या वर्षाच्या कोणत्या विषयात आहे, असा तो मार्ग आहे. संख्याशास्त्र कसेबसे सुटलेल्या मुलाला गुंतवणूक विश्लेषणाच्या वर्गात बसवले तर तो पाठांतर करतो. परिव्यय लेखा न समजलेली मुलगी पुरवठा साखळीचा विषय घेते तेव्हा तिला आकृत्या आठवतात, खर्च कुठे वाढतो ते दिसत नाही.

पुतणीची योजना आम्ही अशीच मागून आखायला बसलो. चार-पाच वर्षे निर्यात करणाऱ्या एखाद्या कंपनीत नोकरी करून मग घरच्या काजूचे स्वतःच्या नावाचे पाकीट बाजारात आणायचे, असे तिच्या मनात आहे. साहजिकच तिला विपणन घ्यायचे होते. मी तिला विचारले, आपल्या कारखान्यात अडते कुठे? ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, पैशात. डब्ल्यू-३२० जातीचा, म्हणजे एका पौंडाला ३०० ते ३२० गर बसतील असा माल आम्ही करतो, तो विकला जात नाही असे कधी होत नाही. अडते ते बी घेताना आणि उधारी वसूल करताना. तेव्हा वित्त हे मुख्य स्पेशलायझेशन घ्यावे आणि ब्रँड व्यवस्थापन व निर्यात विपणन हे दोन विषय विपणन शाखेतून वैकल्पिक म्हणून घ्यावेत, असे आम्हा दोघींचे एकमत झाले. आता एका शाखेच्या विद्यार्थ्याला दुसऱ्या शाखेतला विषय घेता येतो का, हे तिन्हीपैकी एकाही पुस्तिकेत लिहिलेले नाही. एकीत ‘मेजर-मायनर’, म्हणजे मुख्य व दुय्यम शाखा, असा शब्द आहे, पण मायनरसाठी किती विषय लागतात आणि गुणपत्रिकेवर त्याचा उल्लेख होतो की नाही, त्याचा खुलासा नाही. एवढ्या एका ओळीअभावी आमची सगळी आखणी अधांतरी आहे.

अभ्यासमंडळाच्या सदस्यांना माझी विनंती वेगळी आहे. वैकल्पिक विषयांची यादी मोठ्या शहरातल्या नोकऱ्या समोर ठेवून तयार झाली आहे, आणि त्यात गैर काही नाही, कारण इथली बहुतेक मुले मुंबई-पुण्यालाच नोकरीला जातात. पण जी मुले परत येतात, किंवा जायचेच नाही असे ठरवतात, त्यांच्यासाठी यादीत काय आहे? हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन, म्हणजे विशिष्ट प्रदेशातल्याच मालाला ते नाव वापरण्याचा कायदेशीर हक्क, मिळाले, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या पाच जिल्ह्यांचा तो हक्क झाला. वेंगुर्ल्याच्या काजूलाही असे मानांकन आहे. तरीही वाशीच्या बाजारात परराज्यातला आंबा कोकणच्या हापूसच्या नावाने विकला जातो आणि बागायतदार पट्टीत जो दर येईल तो घेतो. मानांकनाचा अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी कशी करायची, पेटीपासून ग्राहकापर्यंत त्या नावाचे मोल कसे राखायचे, हा ब्रँड व्यवस्थापनाचाच विषय आहे. वर्गात मात्र उदाहरणे साबणाची आणि शीतपेयांची येतात. हर्णैच्या बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव होतो, तो ज्याने पाहिला आहे त्याला नाशवंत मालाची किंमत मिनिटामिनिटाला कशी ठरते ते वेगळे शिकवावे लागत नाही, फक्त त्यामागचे शास्त्र दाखवावे लागते. १९९७ साली पर्यटन जिल्हा जाहीर झालेल्या सिंधुदुर्गात आज गावोगावी घरगुती निवासव्यवस्था आहेत. मे महिन्यात खोल्या पुरत नाहीत आणि जुलैत कुलूप असते. वर्षभराचा खर्च त्या मोजक्या महिन्यांच्या दरात कसा बसवायचा, हे सेवा व्यवस्थापनाच्या वर्गात शिकवता येण्याजोगे आहे. मनुष्यबळ शाखेबद्दलही हेच. वीस कामगार झाले की भविष्य निर्वाह निधीचा कायदा लागू होतो, आणि सोलायला बसणाऱ्या बायकांची संख्या अठरावर ठेवायची की कारखाना वाढवायचा, हा निर्णय इथे अनेक घरांत घेतला जातो.

मी नवे वीस विषय मागत नाही. प्रत्येक शाखेत एक विषय असा ठेवावा, ज्याचा साचा अभ्यासमंडळाने द्यावा आणि आशय महाविद्यालयाने आपल्या जिल्ह्यातील उद्योगांवरून भरावा. परीक्षेची पातळी सर्वत्र एकच राहील आणि उदाहरणे आपापल्या मातीतली येतील. काढणीनंतरची हाताळणी आणि शीतसाखळी यांसाठी दापोलीचे डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ १९७२ पासून इथे उभे आहे, त्याचे मत्स्य महाविद्यालय रत्नागिरीत आहे, फळ संशोधन केंद्र आमच्या वेंगुर्ल्यात आहे. वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ या काजूच्या जाती तिथे तयार झाल्या आणि त्यांच्यावर आमच्यासारख्यांची घरे चालतात. त्या संस्थांतले तज्ज्ञ व्यवस्थापनाच्या वर्गात आठ तास बोलले तर त्या विषयाला जो जिवंतपणा येईल तो कोणत्याही पाठ्यपुस्तकाने येणार नाही.

वेळापत्रकातील एक गोष्ट मात्र तातडीने बदलायला हवी. पहिल्या वर्षानंतर उन्हाळी प्रशिक्षणासाठी विद्यार्थ्यांना सर्वसाधारणपणे मे-जूनचे दोन महिने दिले जातात. शहरातल्या कंपनीला हे दिवस सोयीचे असतात. किनाऱ्यावर मात्र नेमक्या याच दिवसांत एकेक दार बंद होत जाते: आंबा मेअखेर संपतो, काजू बीची खरेदी आटोपते, पर्यटक परततात, आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते. एकदा एक विद्यार्थी आमच्याकडे जूनच्या पहिल्या आठवड्यात प्रशिक्षणाला आला. हुशार आणि कष्टाळू मुलगा होता. खरेदीचा भाव कसा ठरतो, ओलावा पाहून पोते कसे नाकारले जाते, बीतून किती टक्के गर निघेल हे मूठभर बी कापून कसे आजमावतात, यातले काही त्याला बघायला मिळाले नाही. त्याने जुन्या वह्यांवरून अहवाल लिहिला आणि तो मंजूरही झाला. तोच मुलगा एप्रिलमध्ये आला असता तर त्याच्या अहवालाचा मला उपयोग झाला असता. ज्यांना किनाऱ्यावरच्या उद्योगात प्रशिक्षण घ्यायचे आहे, त्यांच्यासाठी हा काळ दोन तुकड्यांत, चार आठवडे हंगामात आणि चार आठवडे नंतर, असा विभागण्याची मुभा द्यावी. दुसऱ्या सत्राच्या तासिका त्यासाठी थोड्या मागेपुढे कराव्या लागतील, पण ते अशक्य नाही.

राहिला प्रश्न कमी नावनोंदणीचा. एका महाविद्यालयात नऊ, दुसऱ्यात सहा आणि तिसऱ्यात पाच विद्यार्थी एकच विषय मागत असतील तर आज तिन्ही ठिकाणी तो रद्द होतो आणि वीस विद्यार्थी निराश होतात. हे वीस जण एकत्र का शिकू शकत नाहीत? कोकण रेल्वे १९९८ पासून हा सगळा किनारा जोडून धावते आहे. महिन्यातले दोन शनिवार-रविवार रत्नागिरीसारख्या मधल्या ठिकाणी सलग वर्ग आणि उरलेले तास ऑनलाइन, असा संयुक्त विषय तीन महाविद्यालयांनी वाटून चालवावा, एका वर्षी एकाने अध्यापक द्यावा, पुढल्या वर्षी दुसऱ्याने. श्रेयांक कोणत्या संस्थेतून मिळाले याची नोंद ठेवण्यासाठी ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स २०२१ पासून अस्तित्वात आहे. त्याच वर्षीच्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या विनियमांनी ‘स्वयम्’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन शिक्षण मंचावरील अभ्यासक्रमांतून एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक मान्य करण्याची वाट खुली केली आहे. प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिसच्या मार्गदर्शक तत्त्वांनी २०२२ मध्ये पदवीऐवजी प्रदीर्घ अनुभव असलेल्या व्यक्तीला शिकवायला बोलावण्याची सोय केली. बंदरावर तीस वर्षे निर्यातीची कागदपत्रे केलेला माणूस निर्यात प्रक्रियेचा विषय किती उत्तम शिकवील! नियमांनी दार उघडून दिलेले आहे, आता कोणीतरी पुढाकार घेऊन तीन संचालकांना एका टेबलाशी बसवण्याची गरज आहे.

फक्त ऑनलाइन वर्गांवर सारी भिस्त ठेवू नये, हे इथली माणूस म्हणून सांगते. वैकल्पिक विषयांचा मोठा भार तिसऱ्या सत्रावर असतो आणि ते सत्र ऐन पावसात सुरू होते. आमच्या वाडीत जुलैमध्ये वीज गेली की कधी दुसऱ्या दिवशी येते, आणि तिच्यामागोमाग मोबाइलचा टॉवरही जातो. त्यानंतर गणपती येतात, तेव्हा कोकणातल्या कोणत्याही घरातला मुलगा वर्गात सापडणार नाही, आणि सापडावा अशी अपेक्षाही नसावी. म्हणून संयुक्त विषयाचे सलग वर्ग गणपतीनंतर ठेवावेत आणि आधीच्या तासांची ध्वनिचित्रमुद्रणे महाविद्यालयाच्या ग्रंथालयात उपलब्ध असावीत, म्हणजे घरी नेट नसलेल्या विद्यार्थ्याचे नुकसान होणार नाही.

मला कोणी असेही सांगेल की, कंपन्या नोकरी देताना केवळ ‘फायनान्स’ की ‘मार्केटिंग’ एवढेच विचारतात, वैकल्पिक विषय कोणी पाहत नाही. पहिल्या नोकरीच्या मुलाखतीपुरते हे बऱ्याच अंशी खरे आहे. परंतु माझ्या वर्गातल्या एका मैत्रिणीने मनुष्यबळ शाखेत असूनही हट्टाने सहकारी बँकांच्या कर्जव्यवहारांवर प्रकल्प केला होता. त्यासाठी तिला मार्गदर्शक मिळायला दोन महिने लागले. आज ती एका पतसंस्थेत कर्जविभाग सांभाळते आणि शेतकऱ्याचा अर्ज वाचताना तिला नेमके काय पाहायचे ते कळते. मुलाखतीत तिला कोणी त्या प्रकल्पाबद्दल विचारले नव्हते. काम करताना मात्र तोच उपयोगी पडला.

पसंतीक्रमाच्या अर्जाची मुदत जवळ आली आहे. ज्या तीन महाविद्यालयांच्या पुस्तिका आमच्याकडे आहेत त्यांना मी या पत्रातील प्रश्न स्वतंत्रपणे, नाव-गावासह लेखी पाठवले आहेत: गेल्या तीन वर्षांत प्रत्यक्ष चाललेले वैकल्पिक विषय कोणते, येत्या दोन वर्षांत हमीने चालणारे कोणते, दुसऱ्या शाखेतला विषय घेता येतो की नाही, आणि किमान संख्या न भरल्यास पर्याय काय. उत्तर एका पानाचे असले तरी पुरे. जे महाविद्यालय ‘आमच्याकडे सातच विषय चालतात’ असे प्रांजळपणे लिहील, त्याला पुतणी आपल्या पसंतीक्रमात खाली ढकलणार नाही, असे तिने मला सांगितले आहे.

आणि आमच्या बाजूने जे देता येईल ते मी इथेच लिहून ठेवते. मार्च ते मे या काळात कोणत्याही महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांना खरेदी, कटिंग, सोलाई आणि ग्रेडिंग पाहण्यासाठी आमचा कारखाना खुला आहे. चार विद्यार्थ्यांना चार आठवडे प्रशिक्षणाला घेण्याची आमची तयारी आहे, जेवणाखाण्याची सोय घरी होईल. खेळते भांडवल आणि बँकेचे स्टॉक स्टेटमेंट या विषयावर, खऱ्या आकड्यांसह, दोन तास शिकवायला मी रत्नागिरीपर्यंत स्वतःच्या खर्चाने येईन. परकीय चलनाच्या विषयासाठी अध्यापक मिळाला तर त्याच्या वर्गात मला शेवटच्या बाकावर बसू द्यावे, एवढी अधिकची विनंती आहे.

आपली,
एक माजी विद्यार्थिनी व काजू उद्योजिका
तालुका वेंगुर्ला, जिल्हा सिंधुदुर्ग